चिकटवलेला इतिहास

चतुर्थीची सुटी संपत आली की आमच्या शहरांतील वह्या-पुस्तकांच्या दुकानांवर एक निराळीच गर्दी उसळते. ही गर्दी मुलांची नसते, पालकांची असते. कोणाला फ्रेंच राज्यक्रांती हवी असते, कोणाला दुसरे महायुद्ध, कोणाला औद्योगिक क्रांती; आणि दुकानदारही मोठ्या तत्परतेने गठ्ठ्यातून तो तो तक्ता ओढून देतो. तक्त्यावर रंगीत चित्रे असतात आणि प्रत्येक चित्राखाली चार ओळींची माहिती असते. चित्रे कापावयाची, फाईलमधील कागदांवर चिकटवावयाची, खालची माहिती सुवाच्य अक्षरांत उतरवावयाची, मुखपृष्ठाला चमकीची किनार लावावयाची आणि शाळा उघडताच ती फाईल बाईंच्या मेजावर ठेवावयाची, की जगाच्या इतिहासाचा प्रकल्प पुरा झाला. ज्यांच्या घरी संगणक आणि छपाईयंत्र आहे त्यांना तर दुकानापर्यंत जाण्याची तसदीही नको. आणि आता प्रश्न विचारताच दहा पानांचा मजकूर पुढ्यात ठेवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता घरोघरी दिमतीला उभी आहे. फाईल देखणी होते, गुण मिळतात, पालक सुटकेचा निःश्वास टाकतात. या साऱ्या खटाटोपात इतिहासाशी गाठ पडावयाची तेवढी राहून जाते.

काही दिवसांपूर्वी एक गृहस्थ आपल्या नववीतील मुलीला घेऊन आमच्या कचेरीत आले. दुसऱ्या महायुद्धाची काही छायाचित्रे मिळतील काय, अशी त्यांची विचारणा होती. मुलीच्या हातातील फाईल आम्ही चाळून पाहिली. हिटलर होता, चर्चिल होता, हिरोशिमावरील धुराचा लोळ होता आणि त्यांच्याखाली निळ्या शाईतील वळणदार अक्षर होते. आम्ही सहज विचारले, "हे युद्ध गोव्यात आले होते काय?" मुलीच्या आधी वडिलांनीच उत्तर दिले, "छे! गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा, आणि पोर्तुगाल तटस्थ." उत्तर चुकीचे नव्हते. तरीही ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगावच्या बंदरात जर्मनीची तीन आणि इटलीचे एक अशी चार व्यापारी जहाजे पेटली होती. युद्धाला तोंड लागल्यापासून ती तटस्थ बंदराच्या आसऱ्याला येऊन राहिली होती. त्यांपैकी एहरेनफेल्स या जहाजावरून ब्रिटिश जहाजांच्या हालचालींची खबर बिनतारी यंत्राने बाहेर जाते, असा ब्रिटिशांना संशय होता. परंतु तटस्थ देशाच्या बंदरात उघडपणे सैन्य धाडावे कसे? म्हणून कलकत्त्याच्या लाइट हॉर्स या स्वयंसेवक पथकातील, कचेऱ्यांत नोकऱ्या करणाऱ्या, पोक्तपणाकडे झुकलेल्या काही साहेबांना एका गाळ काढणाऱ्या जुनाट होडक्यात घालून तेथे पाठविण्यात आले. त्यांनी एहरेनफेल्सवर चढाई केली आणि जर्मन व इटालियन खलाशांनी आपापली जहाजे शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून स्वतःच पेटवून बुडविली. ही हकीकत जगाला तपशीलवार कळली ती १९७८ साली, जेम्स लीझर यांच्या पुस्तकामुळे. दोन वर्षांनी तिच्यावर चित्रपटही निघाला.

आम्ही हे सांगत असता ती मुलगी मधेच म्हणाली, "मग पोर्तुगीजांनी त्या इंग्रजांना पकडले कसे नाही?" तिच्या फाईलमधील चाळीस पानांत या तोलाचा प्रश्न एकही नव्हता. तटस्थता म्हणजे काय, दुबळ्या राष्ट्राची तटस्थता कोण मानतो, सालाझारला इंग्लंडशी असलेली जुनी मैत्री आणि जर्मनीची भीती यांच्यात तोल कसा सांभाळावा लागला, हा सारा विषय त्या एका प्रश्नात येऊन उभा राहिला होता. वडिलांनी मात्र घड्याळाकडे पाहिले. फाईल सोमवारी द्यावयाची होती.

प्रकल्पपद्धतीविषयी आमचे काहीच वाकडे नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. मुलांनी आपल्या मनाने एखादे काम हाती घ्यावे, ते तडीस न्यावे आणि त्यातून शिकावे हा विचार अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली मांडला. त्यांच्या पाठीशी जॉन ड्युई यांचे तत्त्वज्ञान होते. आमच्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घोकंपट्टीऐवजी कृतीतून व शोधातून शिकण्याचा पुरस्कार केला आहे. कागदावर सगळे यथास्थित आहे. बिघडले ते शाळेच्या दारात. किलपॅट्रिक यांच्या मांडणीचा प्राण विद्यार्थ्याने मनापासून पत्करलेल्या हेतूत होता. आपण हेतू तेवढा काढून टाकला आणि फाईल ठेवली.

याचा दोष शिक्षकांच्या माथी मारणे सोपे आहे. आम्ही तो मारणार नाही. एका शिक्षिकेकडे चार तुकड्या आणि तुकडीत चाळीस मुले, असा साधा हिशेब धरला तरी एकशेसाठ फाईली होतात. त्यांतील प्रत्येक मुलाशी नुसती दहा मिनिटे बोलावयाचे म्हटले तरी सव्वीस तासांहून अधिक वेळ लागेल. जनगणना, निवडणुका आणि नाना प्रकारची माहितीपत्रके भरून देण्याच्या कामातून उरलेल्या वेळात हे व्हावयाचे आहे. तेव्हा बाई फाईलचे मुखपृष्ठ पाहतात, पाने मोजतात आणि गुण देतात, यात नवल कसले? परंतु या रीतीने जो निवाडा होतो तो मात्र आम्हाला अस्वस्थ करतो. रंगीत छपाईला पानामागे पैसे पडतात. ज्याची आई दुसऱ्याच्या घरी भांडी घासते, किंवा ज्याचे वडील खाणीवरचे काम सुटल्यापासून मिळेल त्या मजुरीवर जातात, त्या मुलाची फाईल काळ्या शाईची आणि पातळ असते. त्याने स्वतः विचार करून लिहिलेले दीड पान शेजारच्याच्या विकत घेतलेल्या वीस पानांपुढे हरते. चौदाव्या वर्षी मुलाला मिळणारा हा धडा इतिहासाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण तो ते जन्मभर विसरत नाही.

मग करावे काय? आमचे म्हणणे असे की, जगाच्या इतिहासाचा प्रकल्प हा जगापासून नव्हे तर मुलाच्या हाताला लागणाऱ्या एखाद्या वस्तूपासून, जागेपासून किंवा माणसापासून सुरू व्हावा, आणि त्या वस्तूचा धागा धरून त्याने जेवढे जमेल तेवढे जगात जावे. गोमंतकातील मुलांना तर ही सोय जितकी आहे तितकी देशात फार थोड्या ठिकाणच्या मुलांना असेल. आमच्या इतिहासाने आम्हाला सुख किती दिले हा प्रश्न वेगळा. पण साडेचारशे वर्षे त्याने आम्हाला जगाच्या रहदारीच्या रस्त्यावर उभे केले होते, हे खरे.

एनसीईआरटीने २००७ साली दहावीसाठी काढलेल्या इतिहासाच्या पुस्तकात मुद्रणसंस्कृतीवर एक संपूर्ण प्रकरण होते. त्यात गोव्यात आलेल्या छापखान्याला दोन-तीन वाक्ये मिळाली होती. दिल्लीच्या किंवा पाटण्याच्या मुलाला तेवढी पुरेत. जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजची जी एकुलती एक कमान आज उभी आहे तिच्यासमोर आमच्या मुलाने उभे राहावे आणि विचारावे, की हे यंत्र येथे आले कसे? उत्तर चक्रावून टाकणारे आहे. १५५६ साली लिस्बनहून निघालेले ते यंत्र मुळी गोव्यासाठी नव्हतेच. ते अबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला जावयाचे होते. तेथल्या सम्राटाला रोमच्या छत्राखाली आणण्याच्या मोहिमेचे ते सामान. ती मोहीम रखडली आणि यंत्र गोव्यात राहिले. गुटेनबर्गच्या बायबलनंतर अवघ्या शंभर वर्षांत हिंदुस्थानच्या भूमीवर छपाई सुरू झाली ती अशी. आणि पुढे १६१६ साली, ज्या वर्षी इंग्लंडात शेक्सपिअर वारला त्याच वर्षी, त्याच इंग्लंडातून आलेल्या थॉमस स्टीफन्स या पाद्र्याचे ख्रिस्तपुराण राशोल येथे मराठी भाषेत, पण रोमन अक्षरांत छापले गेले. मराठी ओव्या रोमन अक्षरांत का? देवनागरीचे खिळे पाडणे इतके अवघड का होते? ज्या प्रदेशात छपाई एवढ्या लवकर आली तेथे १८२१ साली तिला पुन्हा नव्याने आरंभ करावा लागला, तो का? यांतील कोणताही एक प्रश्न घेतला तरी एका मुलाला दोन महिने पुरेल, आणि त्याचे उत्तर कोणत्याही तक्त्यावर छापलेले मिळणार नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीचेच पाहा. नववीच्या मुलांच्या फाईलींत सोळावा लुई, बास्तीय आणि गिलोटिन ही त्रयी अटळ असते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. एका स्त्रीला संमोहित करीत असलेला, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला आणि १९४५ साली बसविलेला. त्याच्यासमोरून रोज शाळेला जाणाऱ्या किती मुलांना ठाऊक असेल की, १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा माणूस क्रांतीच्या दिवसांत पॅरिसमध्ये होता आणि १७९५ च्या ऑक्टोबरमधील उठावात तो एका तुकडीच्या अग्रभागी होता, असे त्याचे चरित्रकार सांगतात? पुढे अलेक्झांडर द्यूमाने आपल्या कादंबरीत फारिया नावाचा कैदी शातो दीफच्या कोठडीत बसविला. तो मात्र इटालियन पाद्री आहे. आमचा फारिया खरोखरच त्या किल्ल्यात कैद होता काय? काही चरित्रांत तसे बेधडक लिहिलेले असते. कादंबरीतून चरित्रात आले की चरित्रातून कादंबरीत गेले, याचा छडा लावू पाहणारा मुलगा इतिहासाचा अर्धा अभ्यासक्रम शिकून जातो. कारण कोणत्या लेखावर किती विसंबावे हे ओळखणे हाच या विषयाचा गाभा आहे. त्याला अखेर ठाम उत्तर मिळाले नाही तरी हरकत नाही. "अमुक पुस्तकात असे म्हटले आहे, पण त्याचा आधार दिलेला नाही," एवढे वाक्य त्याने प्रामाणिकपणे लिहिले तर आम्ही त्याला पैकीच्या पैकी गुण देऊ.

सारेच धागे गोव्यापर्यंत येत नाहीत, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. रशियन क्रांतीला ओढूनताणून म्हापशाच्या बाजारात आणण्यात अर्थ नाही. तशी ओढाताण केली तर तक्ते चिकटवण्याऐवजी स्थानिक अभिमान चिकटवण्याचा नवा उद्योग सुरू होईल, आणि तो जुन्यापेक्षा बरा म्हणता यावयाचा नाही. पण जेथे इतिहासाचा धागा नसतो तेथेही आयुष्याचा धागा असतो. १७८९ साली पॅरिसच्या मजुराच्या मिळकतीचा निम्म्याहून अधिक भाग पावावर खर्च होत होता आणि त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला बाजारातील बायका पावासाठी व्हर्सायवर चालून गेल्या. आमच्या मुलाने पहाटे भोंपू वाजवीत येणाऱ्या पोदेराला गाठावे. पिठाचे पोते केवढ्याला पडते, जळण केवढ्याला, एका पोत्यात पाव किती होतात, दर ठरवतो कोण आणि वाढला तर लोक काय म्हणतात, हे त्याला विचारावे. मग एका रोजंदारीत किती पाव येतात हे मांडून पाहावे. आमच्याकडे पावाचा दर वाढला की संपादकाच्या नावे पत्रे येतात; पॅरिसमध्ये राजाला वाडा सोडावा लागला. हा फरक कशामुळे, हे कळण्यासाठी मुलाला जमिनीची मालकी, कर, दुष्काळी पीक आणि राजाचे कर्ज या सगळ्यांत शिरावे लागेल. त्याने शिरावे यासाठीच तर प्रकल्प.

आता थोड्या नाजूक भागाकडे वळू. या प्रदेशाचा इतिहास खणू लागले की जखमा लागतात. पणजीच्या मध्यभागी ज्याच्या नावाची बाग आहे त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने येथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यातच छापला. चार वर्षांत त्याचा लॅटिन अवतार अँटवर्पला निघाला आणि युरोपभर गेला. वैद्य ज्यू कुळातला होता. तो १५६८ साली वारल्यावर त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जाळले आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. एकाच वर्गात हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान मुले शेजारी शेजारी बसतात. तेव्हा हा विषय काढूच नये, असे म्हणणारे सज्जन मुख्याध्यापक आम्हाला ठाऊक आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे, पण त्यांचा निर्णय आम्हाला पटत नाही. शाळेने जे झाकले ते मुलाला भ्रमणध्वनीच्या पडद्यावर संध्याकाळी मिळतेच, आणि तेथे ते मिळते ते कोणाच्या तरी द्वेषात घोळूनच. त्यापेक्षा वर्गात दोन लेख समोर ठेवून, हा कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कशासाठी लिहिला, असे विचारण्याची सवय लागलेली बरी. सोळाव्या शतकातील धर्मन्यायाधीशाच्या कृत्याचा जाब शेजारच्या बाकावरील मुलाला विचारावयाचा नसतो, हे कळण्याची जागा वर्गाहून चांगली कोणती?

हीच गोष्ट १९६१ ची. आमच्या लेखी ती मुक्ती होती, आहे आणि राहील. तेथे आमची लेखणी अडखळत नाही. परंतु त्या डिसेंबरची आठवण सगळ्याच घरांत एका स्वराची नाही. कोणाची आजी फुलांचे हार सांगते, कोणाची आजी बंद केलेली दारे आणि लिस्बनला निघून गेलेला भाऊ सांगते. नातवाने आजीचे शब्द आहेत तसे टिपून घ्यावेत, त्यांना सुधारू नये. आणि मग याच घटनेचा जगाकडील दरवाजा उघडावा. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा समितीत भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला. सात मते बाजूने पडली, चार विरुद्ध, आणि सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने ठराव फेटाळला गेला. रशियाचे कारण मुले ओळखतील. पण सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांनी ठरावाविरुद्ध का मत दिले? अंगोलात त्याच वर्षी पोर्तुगीजांविरुद्ध पेटलेल्या बंडाचा याच्याशी काय संबंध? लिस्बनने गोवा भारताचा असल्याचे मान्य केले ते १९७४ च्या अखेरीस, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तेथली हुकूमशाही कोसळल्यानंतरच, हे कसे? शीतयुद्ध आणि वसाहतींचा अस्त ही पाठ्यपुस्तकातील दोन निर्जीव प्रकरणे आजीच्या ओसरीवर बसून अशी जिवंत होतात. मात्र ही ओसरी फार दिवस भरलेली राहणार नाही. १९६१ साली जे दहा वर्षांचे होते ते आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत.

शिक्षणखात्याकडे आमचे मागणे फार मोठे नाही. वर्षाला प्रत्येक विषयाचे अनेक प्रकल्प मागण्यापेक्षा इतिहासाचा एकच मागावा आणि त्याला पुरते एक सत्र द्यावे. चार मुलांचा एक गट केला तर एकशेसाठ मुलांचे चाळीस गट होतात. प्रत्येक गटाशी पाव तास बोलावयाचे तर दहा तास लागतात. हे दहा तास शिक्षकाला वेळापत्रकातच मोकळे करून द्यावेत. गुण फाईलला न देता या बोलण्याला द्यावेत, कारण विकत घेतलेली फाईल तोंडी प्रश्नांपुढे टिकत नाही, आणि यंत्राने लिहून दिलेला मजकूरही टिकत नाही. मुलाने कोठे चूक केली, कोणता तर्क सोडून दिला, हे त्याने सांगितले तर त्याचे गुण कमी न होता वाढावेत. तसेच पणजीतील पुराभिलेखागार, ज्याचा आरंभ १५९५ साली दिओगु दो कौतु यांच्या हाताखाली झाला, तेथील दफ्तरांतून शाळकरी मुलांना पेलतील असे वीस-पंचवीस कागद निवडून त्यांच्या प्रतिमा मराठी, कोंकणी व इंग्रजी भाषांतरांसह शाळांना पुरवाव्यात. मान्सूनच्या वाऱ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार तेथे खंडच्या खंड आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्या कागदांत आयुष्य घालविले आणि मराठ्यांच्या इतिहासाला नवी दालने उघडून दिली. त्यांतील एखादे पान आमच्या चौदा वर्षांच्या मुलांच्या दृष्टीस पडू नये, हे आम्हाला तरी शोभत नाही.

कचेरीत आलेली ती मुलगी जाताना दाराशी थांबली. वास्कोत त्या रात्रीच्या ज्वाळा पाहिलेले कोणी अजून आहे काय, असे तिने विचारले. १९४३ साली जे आठ-दहा वर्षांचे होते ते आता नव्वदी ओलांडलेले असतील. आम्हाला तसे कोणी ठाऊक नाही. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी, मुरगाव, सडा, बायणा किंवा पलीकडे दोनापावलाच्या बाजूला, तसे कोणी असल्यास त्यांनी आमच्या कचेरीत जरूर कळवावे. फाईल देण्याची मुदत तिच्या बाईंनी वाढवून दिली आहे.